चाललेला दगड

तीन दिवस पूर्वेचा वारा टिकला, तसं हिउमा बेटाचा किनारा आणि उन्हाळ्यात मेंढरं चरायचं छोटं हाल्लीलाइद यांच्यामधलं पाणी ओसरत गेलं आणि लेइदाने दोन्ही मुलांना फोन करून एवढंच सांगितलं, "शनिवारी मेंढरं." फोनवर याहून जास्त बोलणं तिला कधी जमलंच नाही. आंद्रुसेच्या घराला ऑक्टोबरमधल्या या दिवसाचं लांबलचक निमंत्रण लागतही नसे. वारा ठरवेल तो दिवस, आणि त्या दिवशी जो येणार नाही त्याला नाताळात मटण नाही, असा सासऱ्यांच्या काळापासूनचा कायदा होता.

या वेळी मात्र मेंढरांबरोबर आणखी एक काम होतं आणि त्याबद्दल फोनवर कोणी चकार शब्द काढला नव्हता. सप्टेंबरात थोरल्या मुलाचं, एंडेलचं पत्र आलं होतं. ताल्लिनमधल्या एका गृहस्थाला उन्हाळी घरं बांधायला आंद्रुसेचा किनारा आणि हाल्लीलाइद हवं होतं, राहतं घर मिळालं तर तेही. आईचं वय अठ्ठ्याहत्तर, हिवाळ्यात फेरीबोट अडकली की तातडीला डॉक्टर मिळायची पंचाईत, तेव्हा आईने हाप्सालूला धाकट्या बहिणीकडे, विर्वेकडे राहावं किंवा आपल्याकडे यावं, असं त्याने लिहिलं होतं. घरातल्या सुनेसाठी, माइरेसाठी, कार्डला गावात एखादा छोटा फ्लॅट बघता येईल. माइरेची ही ओळ पत्राच्या अगदी तळाशी, सहीच्या जरा वर होती.

लेइदाने चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं, घडी घालून साखरेच्या डब्याखाली ठेवलं आणि ती बटाटे काढायला निघून गेली. त्याला पाच आठवडे झाले. माइरेनेही विचारलं नाही. विचारणार तरी कुठल्या तोंडाने? देश पुन्हा स्वतंत्र झाल्यावर सरकारने जमीन परत दिली ती लेइदाच्या नावावर. माइरे मधल्या मुलाची बायको, आणि तो मधला मुलगा, तोइवो, दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत बर्फावर छपरासाठी बोरू कापता कापता जरा खाली बसला तो पुन्हा उठला नाही. मूलबाळ नव्हतं. एकवीस वर्षांपूर्वी वोरूच्या टेकड्यांतून ती इथे आली तेव्हा हिउमावर पाऊल ठेवायला परवाना लागायचा. परवाना मागणाऱ्या शिपायापेक्षा तिला दारात उभ्या असलेल्या सासूची जास्त भीती वाटली होती. सासूने तिला आपादमस्तक न्याहाळलं होतं आणि विचारलं होतं, "पोहता येतं का?"

येत नव्हतं. अजूनही येत नाही.

शनिवारी सकाळी स्वयंपाकघरात कॉफीचा वास होता आणि एंडेल ताल्लिनहून आणलेले छातीपर्यंतचे नवेकोरे रबरी बूट चढवत होता. एंडेल थोरला, बावन्न वर्षांचा, अंगाने चांगलाच सुटलेला. उन्हाळाभर तो फोनवरून उंटावरून शेळ्या हाकायचा, पण मेंढरांचा दिवस त्याने आजवर एकदाही चुकवला नव्हता. धाकटी विर्वे पावाचे काप करत होती. लेइदा अंगणात बादली धूत होती. शेजारचा काल्यू भिंतीला टेकून कॉफी पीत होता. सत्तरी ओलांडलेला हा माणूस, त्याची बायको वारल्यापासून सकाळची कॉफी आंद्रुसेतच प्यायचा आणि तिची किंमत थट्टेने चुकवायचा.

"वारा दुपारपर्यंत टिकेल?" एंडेलने विचारलं.

"टिकेल, नाहीतर टिकणार नाही," काल्यू म्हणाला. "मागच्या वर्षी एंडेल, तू चांगली हवा घेऊन आलास. पाणी उतरलंच नाही. माझ्या होडीतून नऊ खेपा झाल्या. मेंढरांपेक्षा तुझंच वजन जास्त."

"या वेळी होडी नको. आपण चालत आणू. मी पुढे राहतो. म्हातारा खोपीच्या दारावर धरायचा आणि नाकासमोर यायचं. बाबांनी दाखवलेली वाट आहे, डोळे बांधून येईन."

म्हातारा म्हणजे पाण्यातला मोठा दगड, बसलेल्या गाईएवढा. बेटाच्या दक्षिण टोकावरून निघायचं, किनाऱ्यावरच्या नावेच्या खोपीचं दार त्या दगडामागे झाकलं जाईल अशा बेताने चालत राहायचं आणि दगडापाशी पोचलं की डावीकडे उंच पाइनकडे वळायचं. आंद्रुसेच्या चार पिढ्या अशाच, उजव्या हाताची कढई, म्हणजे चिखलाचा खोल खळगा, टाळून आल्या होत्या.

माइरेने किटली खाली ठेवली. "एंडेल, म्हातारा आता तिथे नाही."

"काय?"

"सरकलाय. तोइवो गेला त्याच्या पुढच्या वर्षी, मार्चमध्ये वादळात बर्फ फुटला ना, तेव्हा बर्फाने ढकलला. तीस पावलं तरी. आता तो दारावर धरलात तर सरळ कढईत जाल."

एंडेल आधी तिच्याकडे आणि मग काल्यूकडे बघून हसला. हसण्यात वाईट काही नव्हतं, आणि तेच जास्त लागलं. "अगं माइरे, म्हातारा माझ्या पणजोबांच्या आधीपासून तिथे आहे. तुमच्या वोरूत दगड फिरायला जात असतील, आमच्याकडे ते बसून राहतात."

"बर्फ दगड ढकलतो, एंडेल," काल्यू म्हणाला.

"लहानसहान ढकलतो. म्हातारा?" एंडेलने बुटांचे पट्टे खांद्यावर ओढले. "काल संध्याकाळी मी किनाऱ्यावरून बघितला. आहे तिथेच आहे."

खरं तर तिने तेव्हा पुन्हा सांगायला हवं होतं. दोन उन्हाळे ती कमरेला दोर बांधून, जुनिपरची लांब काठी घेऊन त्या पाण्यात उतरली होती. दोराचं दुसरं टोक काल्यूच्या होडीला असायचं. एकेक पाऊल ठोकून तिने नवी वाट शोधली होती. दार दगडाच्या डाव्या हाताला उघडं दिसलं पाहिजे, चांगलं सहा हात, तरच पायाखाली वाळू लागते. हे सगळं तिच्या ओठांवर आलं होतं. पण 'तुमच्या वोरूत' हे दोन शब्द तिने एकवीस वर्षं ऐकले होते आणि आज, एंडेलने आणलेल्या विक्रीच्या कागदावर सही व्हायच्या दिवशी, ते तिला नेहमीपेक्षा जास्त झोंबले. यांचा समुद्र, यांचा दगड, आणि संध्याकाळपर्यंत तो ताल्लिनच्या गृहस्थाचा होणार. बघा तुमचं तुम्ही, असं तिच्या मनात आलं आणि तिने किटली उचलून काल्यूच्या कपात कॉफी ओतली.

काल्यूच्या सपाट बुडाच्या होडीतून ते चौघं बेटावर गेले. लेइदा पावाच्या तुकड्यांची बादली घेऊन किनाऱ्यावर थांबली. नावेच्या खोपीच्या उंबऱ्याला एंडेलच्या लहानपणी लाटा लागायच्या. आता खोपीपासून पाण्यापर्यंत सत्तर पावलं गवत होतं. जमीन दरवर्षी अगदी तांदळाच्या दाण्याएवढी का होईना, वर येते, आणि समुद्र कुरकुर न करता मागे सरतो.

मेंढरं उन्हाळाभर माजली होती. त्यांना जुनिपरच्या झुडपांतून हुसकून काढताना विर्वे माइरेच्या जवळ आली. हाप्सालूच्या शाळेत भूगोल शिकवणारी ही नणंद माइरेपेक्षा वर्षाने मोठी होती, आणि आंद्रुसेत पहिल्याच हिवाळ्यात माइरे रडली तेव्हा तिच्या शेजारी बसणारी तीच होती.

"माझ्यावर रागावलीस का?" विर्वेने विचारलं.

"कशाबद्दल?"

"कशाबद्दल ते तुला माहीत आहे. एंडेलने मला आधी विचारलं होतं. मी हो म्हटलं." विर्वेने एका मेंढीला काठीने वळवलं. "आई मागच्या हिवाळ्यात विहिरीपाशी घसरली, ते तूच मला सांगितलंस. तेव्हापासून फोन वाजला की आईच पडली असं वाटतं. आणि तू. तू त्रेचाळीसची आहेस. इथे वारा, मेंढ्या आणि काल्यू. एवढंच का राहिलंय तुला?"

"काल्यू काही वाईट नाही."

"माइरे, थट्टा नको. कार्डलाला फ्लॅट नको असेल तर माझ्याकडे ये. नाहीतर वोरूला, बहिणीकडे. कोणी तुला अडवणार नाही."

हेच तर होतं. कोणीच अडवणार नव्हतं. माइरेला वाटलं, एकदा तरी कोणीतरी अडवावं. तिने तोंड फिरवलं आणि एका लंगड्या कोकराला उचलून छातीशी धरलं. कोकरू ओलं आणि उबदार होतं.

"आई काय म्हणाली तुला?" विर्वेने हळूच विचारलं.

"काही नाही. पाच आठवडे काही नाही."

"आई तशीच आहे गं."

निघायला दुपारचा एक वाजला. अडतीस मेंढरं. एंडेल सगळ्यात पुढे, हातात घंटेवाल्या जुन्या मेंढीचा दोर. मागून विर्वे काठी घेऊन, आणि सगळ्यात मागे होडीत काल्यू, माइरे आणि दोन लंगडी कोकरं. वारा पडला होता. सगळं इतकं शांत झालं की मेंढरांच्या पायांचा चुबुक चुबुक आवाज तेवढा ऐकू येत होता. मग माइरेच्या डाव्या गालाला गार झुळूक लागली. तिने काल्यूकडे बघितलं.

"नैऋत्येचा," काल्यू म्हणाला आणि त्याने वल्ही घट्ट धरली. "आता पाणी परत येणार."

पुढे एंडेल म्हाताऱ्याकडे बघत चालला होता. खोपीचं दार दगडामागे नीट झाकलेलं. बाबांनी शिकवलं होतं अगदी तसं. माइरे होडीत उभी राहिली आणि तिने हाक मारली, "एंडेल, दार उघडं ठेवा! डावीकडे या!" पण वारा आता तिच्याकडेच येत होता आणि एंडेलने मागे न बघता फक्त हात हलवला, शाळेतल्या मास्तराने पोरांना गप्प करावं तसा.

दहा पावलांनंतर तो छातीपर्यंत आत गेला.

गंमत वाटावी इतक्या साध्या रीतीने झालं ते. एक मोठा माणूस चालता चालता अर्धा झाला. नव्या बुटांत वरून पाणी भरलं आणि कढईच्या चिखलाने त्याचे पाय धरून ठेवले. घंटेवाली मेंढी त्याच्यामागे गेली, तिच्यामागे दुसरी, तिसरी. मेंढरांना पुढचीच्या शेपटीपलीकडचं काही दिसत नाही. डझनभर मेंढ्या पोहू लागल्या, आणि लोकरीत पाणी मुरलं की मेंढी किती वेळ पोहते हे हिउमावरच्या प्रत्येकाला माहीत होतं. विर्वे किंचाळत उरलेल्यांना काठीने थोपवत होती आणि त्या घाबरून तिच्या अंगावरून पुढेच घुसत होत्या.

"मला डावीकडे ने," माइरे म्हणाली.

"तू पाण्यात..."

"काल्यू, ने म्हणते ना. मग एंडेलला गाठ."

काल्यूने वल्ह्यांचे चार फटके मारले. माइरेने काठीने तळ ठोकला, वाळू लागली, आणि ती होडीच्या कडेवरून उतरली. आज कमरेला दोर नव्हता. पाणी मांड्यांपर्यंत आलं. तिने किनाऱ्याकडे बघितलं. दार दगडाच्या डाव्या हाताला, सहा हात उघडं. ती बरोबर उभी होती. तिने तोंडाभोवती हात धरले आणि हिवाळ्याच्या प्रत्येक सकाळी गवताचा भारा टाकताना घालायची तीच साद घातली. "उत्तू, उत्तू, उत्तू! उत्तू, उत्तू, उत्तू!"

थोपवलेल्या मेंढ्यांनी माना वळवल्या. मग पोहणाऱ्यांपैकी एकीने. या आवाजामागून गवत येतं एवढंच त्यांना ठाऊक होतं, आणि तेवढं पुरलं. एक वळली तशी सगळी वळली. त्या तिच्याकडे येत होत्या, डोळे पांढरे करून, नाकं वर धरून, आणि एकेकीच्या पायाला वाळू लागली तशी ती अंग झटकून उभी राहत होती. माइरे उलट्या पावलांनी किनाऱ्याकडे चालत होती आणि साद थांबवत नव्हती. आपण रडतोय हे तिला फार उशिरा कळलं.

काल्यूने वल्हं पुढे करून एंडेलला चिखलातून ओढून काढलं. त्याने घंटेवालीचं डोकं शेवटपर्यंत पाण्यावर धरलं होतं, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. ती वाचली. पण एक पहिलटकर मेंढी होडीखाली गेली आणि वर आली तेव्हा तिच्यात जीव नव्हता. एंडेलने ती स्वतः खांद्यावर घेतली आणि किनाऱ्यावर आणून लेइदाच्या पायाशी ठेवली. त्याचे ओठ निळे पडले होते.

"सदतीस," तो म्हणाला. "आई, चूक माझी आहे. माइरेने सांगितलं होतं."

लेइदाने मेंढीच्या कपाळावरून हात फिरवला. "घरात जा," ती म्हणाली. "कपडे बदल."

एंडेलच्या अंगाला बसेल असं कोरडं काही घरात नव्हतं. माइरेने कपाट उघडलं आणि तोइवोचा जाडा लोकरी स्वेटर काढला. हिउमाचा करडा, याच मेंढ्यांच्या लोकरीचा. दोन वर्षं तिने तो कोणाला दिला नव्हता. एंडेलने स्वेटर ओळखला आणि तो घेईना.

"घ्या," ती म्हणाली. "नाहीतर न्यूमोनिया होईल आणि मला तुमच्या बायकोला फोन करावा लागेल."

"माइरे, मी सकाळी..."

"मीही सकाळी गप्प बसले. मला दहा वेळा सांगता आलं असतं. मी मुद्दाम नाही सांगितलं." हे बोलून झाल्यावर तिला बरं वाटलं. "ती मेंढी आपल्या दोघांची."

एंडेलने मान हलवली आणि स्वेटर डोक्यातून घातला. पोटावर तो ताणला गेला, पण खांद्यांवर चपखल बसला. पाठमोरा तो इतका तोइवोसारखा दिसला की माइरे उगाच चुलीतली लाकडं सारखी करत बसली.

कोबी घातलेलं मटणाचं सूप झालं, काळा पाव आणि धुरावलेला मासा झाला. काल्यूने घरची बिअर घेतली आणि म्हातारा कुठे कुठे फिरून आला असेल यावर दोन विनोद केले. कोणी फारसं हसलं नाही. मग लेइदाने हात पुसले, चष्मा लावला आणि म्हणाली, "तो कागद आण."

एंडेल जागचा हलला नाही. "आई, आज राहू दे."

"आजच. उद्या तुम्ही फेरीने जाल. विर्वे, याच्या गाडीत असेल. आण."

विर्वेने कागद आणला. लेइदाने तो डोळ्यांजवळ धरून शेवटच्या पानापर्यंत वाचला आणि पेन मागितलं. माइरे चुलीपाशी उभी होती. तिला वाटलं होतं, दुपारी जे झालं त्यानंतर सासू निदान तिच्याकडे एकदा बघेल. लेइदाने बघितलं नाही. पेनाचं टोपण काढलं. माइरेला एकवीस वर्षांत जे जमलं नव्हतं ते त्या क्षणी जमलं.

"आई, का?"

लेइदाने मान वर केली. "का म्हणजे?"

"का विकताय? तुम्हाला हाप्सालू आवडत नाही. तिथे दोन दिवस राहिलात तर तिसऱ्या दिवशी तुमचं डोकं दुखतं. या गृहस्थाला तुम्ही ओळखतही नाही. मग का?"

म्हातारीने पेन खाली ठेवलं नाही, पण कागदावर टेकवलंही नाही. काल्यूने बिअरचा पेला हळूच टेबलावर ठेवला.

"तोइवो गेला त्या वसंतात," लेइदा म्हणाली, "तू बहिणीशी फोनवर बोलत होतीस. मी दारात होते. तू म्हणालीस, इथला वारा थांबतच नाही, मला टेकड्यांची आठवण येते. रडत होतीस. मी ऐकायला नको होतं, पण ऐकलं." तिने चष्मा काढून कागदावर ठेवला. "मी चौतीसची होते, माझा नवरा गेला तेव्हा. तीन पोरं, मेंढ्या आणि या खुर्चीत बसलेली सासू. मला कोणी मोकळं केलं नाही. तू मला टाकून जाणार नाहीस, हे मला माहीत होतं. म्हातारीला एकटं कसं सोडायचं म्हणून राहशील आणि इथेच वाळून जाशील. मग एंडेलचं पत्र आलं. मला वाटलं, घरच नसलं तर तुला जायला कारण नको शोधायला."

"आई," विर्वे म्हणाली आणि तिने आपली खुर्ची आईजवळ सरकवली.

"म्हणून तुम्ही पाच आठवडे गप्प राहिलात?" माइरेने विचारलं.

"जायचंय का, असं तुझ्या तोंडावर विचारलं असतं तर तू माझ्या भिडेने नाहीच म्हणाली असतीस."

"आणि मला वाटलं, मी तुम्हाला नकोशी झालेय. तोइवो नाही, मूल नाही, आता हिचं काय काम."

लेइदाने तिच्याकडे बघितलं, तीच ती पहिल्या दिवसाची नजर, डोक्यापासून पायापर्यंत. फक्त आता त्या डोळ्यांत पाणी होतं. "मूर्ख मुली," ती हळूच म्हणाली.

माइरे चुलीपासून पुढे आली आणि टेबलापाशी उभी राहिली. "टेकड्यांची आठवण येते. येणारच. तुम्ही वोरूला गेलात तर तुम्हाला समुद्राची येईल. आई, मला या पाण्याची भीती वाटते. पहिल्या दिवसापासून वाटते, आजही वाटली. तरी दोन उन्हाळे मी काठी घेऊन त्यात उभी राहिले. मला जायचं असतं तर मी वाट कशाला मोजली असती?"

विर्वे उठली, आईच्या हातातलं पेन तिने काढून घेतलं आणि टोपण लावलं. मग भावाकडे वळून म्हणाली, "माझं हो मी परत घेते. माझ्या नावाने त्या गृहस्थाला काही सांगू नकोस."

एंडेलने तोइवोच्या स्वेटरच्या बाह्या खाली ओढल्या. "आणि हिवाळ्यात आई पुन्हा पडली तर? मी उगाच नाही ना म्हणत, विर्वे. मला रात्र रात्र झोप येत नाही."

"विहीर बंद करून घरात नळ घ्यायचा," माइरे म्हणाली. "मी दोन वर्षं सांगतेय. आई म्हणतात, विहिरीच्या पाण्याची कॉफी चांगली होते."

"होतेच," लेइदा म्हणाली.

"याला मी साक्षीदार आहे," काल्यू म्हणाला. "होते. पण मी नळाचीही पिईन. त्याग करायला तयार आहे."

आता मात्र एंडेल हसला. नोव्हेंबरात सुट्टी काढून पाइप घालायला येतो, म्हणाला, आणि माइरेला विचारलं, "ती वाट. मला एकदा दाखवशील? तुझ्यामागून चालेन. उजेडात, पाणी उतरेल तेव्हा."

"दाखवीन. बूट जुने घालून या."

उजेड उतरायच्या आत मेंढरं निवडायची राहिली होती. दरवर्षी त्या दिवसाचं शेवटचं काम ते. कुंपणाच्या आत मेंढरं कोंडायची आणि घरच्या कर्त्या बाईने एकेकीच्या पाठीवर हात दाबून सांगायचं, ही ठेवायची, ही जाईल. पन्नासएक वर्षं ते लेइदाने केलं होतं, आणि तिच्या निवाड्याविरुद्ध बोलायची सासऱ्यांचीसुद्धा प्राज्ञा नव्हती. सगळे बाहेर आले. वारा चांगलाच वाढला होता आणि दुपारी चालून आलेल्या वाटेवर आता लाटा होत्या. एंडेल फाटक धरून उभा राहिला. विर्वेने कंदील आणला, अजून लागत नव्हता तरी.

लेइदा कुंपणापर्यंत आली आणि आत गेली नाही. तिने कुंपणाच्या आडव्या लाकडावर दोन्ही हात ठेवले. आत दोन तरुण मेंढे होते, एक पांढरा, शांत आणि थोराड, दुसरा काळा, जो आतापासूनच कुंपणाला धडका मारत होता. यांतला एकच ठेवायचा, आणि पुढच्या सालची कोकरं त्याची.

"माइरे," लेइदाने विचारलं, "मेंढा कुठला ठेवायचा?"

माइरेला आधी वाटलं, सासू स्वतःशीच बोलतेय. मग तिला दिसलं की फाटकापाशी एंडेलही थांबलाय आणि तिच्याच तोंडाकडे बघतोय. ती आत गेली. दोघांच्या पाठीवर तिने हात दाबला, मणक्यापासून कमरेपर्यंत, घाई न करता.

"काळा," ती म्हणाली.

"काळा कुंपण मोडतो."

"मोडू दे. मी बांधीन."

लेइदाने क्षणभर विचार केला. काळ्याऐवजी तिने पांढराच निवडला असता, हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं. मग ती मुलाकडे वळली.

"ऐकलंस ना, एंडेल? काळा इकडे सोड."